रिकाम्या गाडीचं वजन

अक्कानं पोह्यांची बशी अभिनंदन शेटेच्या हातात दिली तेव्हा शनिवारचे दुपारचे तीन वाजले होते, आणि आमच्या दाजींनी मनातल्या मनात त्या पोराची किंमत एक कोटी साठ लाख धरून ठेवली होती. पोह्यांत कांदा नव्हता. चातुर्मास चालू होता आणि अक्काच्या घरात चार महिने कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. तरी कार्यक्रमाला आम्हीही चारचौघांसारखं कांदेपोहेच म्हणतो. पोरगा खाली मान घालून खात होता. त्याची आई, जयसिंगपूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, भिंतीवरच्या बाहुबलीच्या फोटोकडं बघत होत्या. माझी भाची चंदना समोरच्या खुर्चीत बसली होती. आणि दाजी बघत होते माझ्याकडं.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान, जिनपाल उपाध्ये. सांगलीत मार्केट यार्डाजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांच्या कोटीचा हिशेब असा, की अभिनंदन पुण्याला ‘वातगती मोबिलिटी’ नावाच्या कंपनीत इंजिनिअर होता. विजेवरच्या स्कूटर काढणारी कंपनी. बॅटरी संपली की चार्जिंगला लावून बसायचं नाही. कंपनीच्या केंद्रावर जायचं, तिथल्या कपाटातून भरलेली बॅटरी घ्यायची, रिकामी ठेवायची आणि दोन मिनिटांत वाटेला लागायचं. पगाराबरोबर कंपनीनं पोराला शेअर दिले होते. पुढच्या मार्चपर्यंत ते विकता येणार नव्हते, पण शुक्रवारी बाजार बंद झाला तेव्हा भाव तीनशे एकतीस होता, आणि गुणाकार दाजींना चांगला येतो.

“पोरगं मी बघितलं,” दाजी मला आदल्या दिवशी दुकानात म्हणाले होते. “घरदार तुझ्या अक्कानं बघितलं. कंपनी तू बघ, नेमिनाथ. तू हो म्हणालास की साखरपुडा. नाही म्हणालास की विषय संपला.”

आता माझ्यावर एवढा भरवसा का, ते सांगायला पाहिजे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी एकतीस वर्षं काढली. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी टायर किती दबलंय ते बघून मी टन सांगायचो, आणि चूक झाली तर शंभर-दीडशे किलोंची. एका हंगामात एक पठ्ठ्या एकच भरलेली गाडी मागच्या फाटकातून फिरवून दोनदा वजनाला आणत होता, दुसऱ्या वेळी दुसऱ्याच्या नावावर. बैलाच्या शिंगाचा टवका उडाला होता, त्यावरून मी तो पकडला. तेव्हापासून चौगुल्याच्या डोळ्यातनं काही सुटत नाही अशी ख्याती झाली. पुढं शेअरबाजारातही मी हेच केलं. कुपवाडला रंगाचा एक कारखाना होता. रजा काढून आठ दिवस मी त्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसलो आणि बाहेर पडणारे ट्रक मोजले. मग शेअर घेतले. तीन वर्षांत पाचपट झाले. एका कंपनीवर माणसाचं नाव किती दिवस चालावं? माझं वीस वर्षं चाललं. नातेवाईक, मंदिरातली मंडळी, कारखान्यातले लोक, सगळे आधी शेअरवाल्या मामाला विचारायचे. मला ताळेबंद वाचता येत नाही हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

दुसरी एक गोष्ट तर दाजींनाही ठाऊक नव्हती आणि माझ्या बायकोलाही. निवृत्त झाल्यावर हातात आलेले पी.एफ.चे नऊ लाख मी एकशे साठच्या भावानं ‘वातगती’त घातले होते. पद्माला वाटत होतं पैसे बँकेत मुदतीच्या ठेवीत आहेत. आंधळेपणानं घातले नव्हते. पुण्याला जाऊन हडपसरच्या एका केंद्रासमोर तीन तास बसलो होतो आणि सत्तर स्कूटर मोजल्या होत्या. म्हणजे त्या शनिवारी सगळ्यांना वाटत होतं मामा भाचीचं स्थळ बघायला आलाय, आणि मामा आपलं म्हातारपण कुणाच्या हातात आहे ते बघत होता.

अभिनंदन आईला मागं बसवून जयसिंगपूरहून कंपनीच्याच स्कूटरवरून आला होता. चहा झाल्यावर तो म्हणाला, बॅटरी नऊ टक्क्यांवर आलीय, विश्रामबागला आमचं केंद्र आहे, बदलून येतो. दाजींनी मला डोळ्यांनी खूण केली. मी चप्पल घातली.

“सहाच्या आत या बरं,” अक्का दारातून म्हणाली. “मी पानं वाढायला घेते. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवण नसतं.”

“आमच्यातही नसतं,” पोरगा म्हणाला, आणि चंदना पहिल्यांदाच हसली. ते हसू मी बघितलं. त्याचं वजन त्या दिवशी मी कुठंच धरलं नाही.

वाटेत मी त्याला पुष्कळ पिळून बघितलं. कंपनी नफ्यात कधी येणार, नवा कारखाना कुठं, सरकारी सवलत बंद झाली तर काय. जे माहीत होतं ते त्यानं सांगितलं आणि बाकीच्याला सरळ माहीत नाही म्हणाला. मी वीस वर्षं बाजारातल्या लोकांचं ऐकत आलोय. तिथं माहीत नाही असं कुणी म्हणत नाही. मला पोरगा जरा कच्चा वाटला. त्याचं काम एवढंच होतं की देशभरातल्या सहाशे बारा केंद्रांवर रोज किती बॅटऱ्या बदलल्या ते आकडे कार्यालयात नीट येतात की नाही हे बघायचं. त्याच आकड्यांवर कंपनीचा भाव चढत होता हे मला वर्तमानपत्रावरून ठाऊक होतं.

विश्रामबागचं केंद्र एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाच्या आवारात होतं. फाटकाला साखळी. साखळीचं कुलूप गंजून तांबडं झालेलं, आणि आतल्या बाजूला गुडघ्याएवढं गवत. गवतापलीकडं निळं कपाट उभं होतं, ‘वातगती’चं पाखराचं चिन्ह असलेलं. त्याची चार दारं उघडी होती आणि आत बॅटरी तर नव्हतीच, एका कप्प्यात कबुतरानं घरटं केलं होतं. शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी दुकानदाराला विचारलं, हे कधीपासून बंद आहे? तो म्हणाला, चालू कधी होतं? ठेवून गेले, परत कुणी फिरकलं नाही. दीड वर्ष झालं असंल.

मी परत आलो तर अभिनंदन फाटकाशी मोबाइल हातात धरून उभा होता. एकदा मोबाइलकडं बघत होता, एकदा कपाटाकडं. त्याचा चेहरा असा झाला होता की मी आधी त्याला पायरीवर बसवलं.

“काय झालं?”

“या केंद्रावर आज सकाळपासून सव्वीस बॅटऱ्या बदलल्यात,” मोबाइलवरचा आकडा वाचून तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, “मी हे बोलायला नको होतं, मामा.”

तो बोलला नसता तरी मला कळलंच असतं. काट्यावरच्या माणसाला कळतं. “एकच गाडी दोनदा काट्यावर,” मी म्हणालो. त्याला समजलं नाही, म्हणून त्या शिंगाच्या टवक्याची गोष्ट सांगितली. गोष्ट सांगता सांगता मीच मध्ये थांबलो. कारण मला हडपसर आठवलं. त्या सत्तर स्कूटरांमध्ये एकीचं मागचं मडगार्ड चेपलेलं होतं. ती मी तीनदा बघितली होती, आणि तिन्ही वेळा कौतुकानं म्हणालो होतो की काय कष्टाळू माणूस आहे. ज्या लबाडीसाठी मी बैलाचं शिंग लक्षात ठेवलं, तीच लबाडी डोळ्यांसमोरून तीनदा गेली आणि मी चहा पीत मोजत बसलो. स्वतःचे पैसे घालायचे ठरवून गेलं की डोळे असेच होतात.

“मला दोन महिने शंका होती,” अभिनंदन म्हणाला. “आकडे फार नीटनेटके यायचे. रविवारी कमी नाहीत, पावसात कमी नाहीत. वर विचारलं तर म्हणाले, तुझं काम बघ. आज मला वाटलं होतं आपल्या सांगलीचं तरी खरं असेल.”

मी विचारलं, आता काय करणार? तो म्हणाला, नोकरी सोडणार. लगेच नाही सोडता येत, डिसेंबर उजाडेल. आधी सगळं लेखी देणार, रीतसर जिथं द्यायचं तिथं. शेअर मार्चपर्यंत बांधलेलेच आहेत. ते गेले असं धरायचं. हे सगळं तो दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगत होता. एक कोटी साठ लाख.

“एक विनंती आहे,” तो म्हणाला. “चंदनाला मी स्वतः सांगणार आहे. आजच फोन करतो. शेअर बघून कुणी होकार द्यायला नको, आणि नकार दिला तरी तो चंदनानं द्यावा. पण मी काही बोललो हे बाहेर गेलं तर मी लेखी द्यायच्या आधीच कंपनीवाले मला घालवतील आणि कागदही जागेवर राहणार नाहीत. तुमच्यावर सोडतो.”

“बरं,” मी म्हणालो. आणि लगेच, जीभ आवरायच्या आत, विचारून गेलो, “ज्यानं आधीच घेतलेत, त्यानं काय करायचं?”

तो माझ्याकडं बघत राहिला. पोरगा कच्चा नव्हता. “हे मला विचारू नका, मामा,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यानं स्कूटरला चावी लावली तर स्कूटर हललीच नाही. बॅटरी संपली होती.

तीन किलोमीटर आम्ही ती स्कूटर ढकलत आणली. हँडल त्याच्या हातात, मागून मी. पश्चिमेला सूर्य खाली खाली चालला होता आणि पोराला जेवायला घालायचं म्हणून माझी बहीण पानं मांडून बसली होती. मी मात्र वेगळंच मोजत होतो. आज शनिवार. उद्या रविवार. बाजार उघडणार सोमवारी सकाळी सव्वानऊला. तोवर माझे पैसे त्या कबुतराच्या घरट्यात अडकलेले, आणि मी माझ्या तोंडात अडकलेला. कुठं काही बोललो, दाजींनी दुकानात चार लोकांना सांगितलं, त्यातला एक पुण्याला फोन करणार, आणि सोमवारी भाव काय असेल कुणी सांगावं? एका सांगलीनं बाजार पडत नाही, हे मला आज कळतं. भ्यालेल्या माणसाला त्याचा एक रुपयाही सगळ्या जगाला दिसतो असं वाटत असतं.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. अक्कानं पानं उचलून ठेवली होती आणि पुरणपोळ्यांवर फडकं टाकलं होतं. पाहुण्यानं उपाशी जायचं म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिनंदन म्हणाला, वहिवाट मोडू नका, पुन्हा येईन तेव्हा दुप्पट खाईन. स्कूटर दाजींच्या गोदामात लावून मायलेक बसनं गेले. जाताना तो माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला आणि काय दिला ते मलाच ऐकू आलं नाही.

“काय म्हणतेय कंपनी?” दाजींनी पाहुण्यांची पाठ फिरताच विचारलं.

“सोमवारी सांगतो,” मी म्हणालो. “एकदोन गोष्टी बघायच्यात.”

“आता काय बघायचं राहिलंय? तूच सहा महिन्यांपूर्वी म्हणत होतास की वातगती घोडा आहे घोडा.”

“सोमवारी,” मी म्हणालो आणि घरी निघून आलो.

तो रविवार मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी मंदिरात गेलो तर अभिषेक होईतो तिघांनी विचारलं की काय मामा, वातगती धरायची का अजून? तिघांनीही माझ्याच शब्दावर घेतले होते. मी हात जोडून मूर्तीकडं बघत राहिलो. त्यांना वाटलं मामा ध्यानात आहे. घरी आलो तर पद्मा म्हणाली, ठेवीचं व्याज यंदा आलं नाही का, चंदनाला एक पाटली करू या. दुपारी दाजींचा फोन आला की मी गोदामात त्या स्कूटरवर बसून बघितलं, बसायला छान आहे. मी ज्या खोलीत जावं तिथं वातगती आधीच येऊन बसलेली. सुटायला एकच दार होतं आणि ते सोमवारी सव्वानऊशिवाय उघडत नव्हतं.

चारच्या सुमाराला चंदना आली. एकटीच, हातात कालच्या पुरणपोळ्यांचा डबा. पद्मा शेजारी गेली होती. चंदना लहानपणापासून माझ्याशी अघळपघळ बोलायची. चौथीत असताना कारखान्याच्या काट्यावर उभी राहून मला वजन सांगायला लावायची आणि चुकलो की टाळ्या वाजवायची. त्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली.

“मामा, माणूस कसा वाटला?”

“कंपनीचं जरा बघायला पाहिजे, बाळ.”

“मी कंपनीचं विचारलं नाही.”

मी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. “उद्या सांगतो,” म्हणालो.

“उद्या काय आहे?”

“सोमवार,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

तिनं डबा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मला वाटलं, लग्नाच्या मुलीची घालमेल असते, त्यातलं हे. मी विषय बदलला, तिच्या बँकेतल्या नोकरीचं विचारलं. ती उठली, पदर सारखा केला, दारात थांबली. काहीतरी बोलणार होती. मग पोळ्या आजच संपवा, उद्या कडक होतील एवढंच सांगून गेली.

सोमवारी नऊ वाजता मी दलालाच्या कार्यालयात बाकावर बसलो होतो. बाजार उघडायच्या आधी पंधरा मिनिटं. तिथल्या आवट्यांनी विचारलं, सगळे? मी म्हणालो, सगळे. ते म्हणाले, मामा, वरती जायलाय की अजून. मी म्हणालो, घरात कार्य आहे, पैसे लागणार. खोटं बोललो असंही नाही. नऊ वाजून बावीस मिनिटांनी तीनशे अठ्ठावीसला माझे शेवटचे शेअर गेले. अठरा लाखांच्या वर रक्कम. पाय हलके व्हायला पाहिजे होते. मी रस्ता ओलांडताना एका रिक्षाखाली येता येता वाचलो.

दहाला अक्काच्या घरी पोचलो. दाजी दुकान उशिरा उघडणार होते. अक्का चहा घेऊन आली, चंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“कंपनीत दम नाही,” मी म्हणालो. “आतून पोकळ आहे. त्या शेअरांचा कागद होईल. हे स्थळ नको.”

दाजींचा चेहरा उतरला. माणूस कोटीवरून खाली येतो तेव्हा वेळ लागतो. कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी विश्रामबागचं कुलूप सांगितलं, गवत सांगितलं, घरटं सांगितलं. तेवढं त्यांना पुरलं. माझा शब्द होता ना.

“माझं काय म्हणणं आहे ते विचारा,” चंदना दारातून म्हणाली. “मला शेअर नको आहेत. त्याला पगार आहे, मला पगार आहे.”

“मामानं बघितलंय, चंदू,” अक्का म्हणाली. “अशा कंपनीत राहणारा पोरगा तरी कसा असणार? त्याला ठाऊक नसंल का हे सगळं? आपल्याला फसवायलाच आले होते म्हणायचं.”

चंदना अक्काकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की पोरगा सोन्यासारखा आहे. तोंडात आलं होतं. कंपनी सोडा, पोरगं धरा, एवढं म्हणालो असतो तर त्या घरात माझ्या शब्दापुढं कोण गेलं असतं? पण दाजींनी विचारलं असतं, कशावरून? मग त्यानं काय सांगितलं ते आलं असतं, कधी सांगितलं ते आलं असतं, आणि मग शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत मामा गप्प का होता, तेही आलं असतं. पोराला शब्द दिलाय, त्याची नोकरी जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. कारण खरंही होतं. खऱ्या कारणाच्या मागं लपायला फार बरं पडतं.

मी चहाकडं बघत बसलो. साय धरली होती. दाजींनी तिथल्या तिथं जयसिंगपूरला फोन लावला. मंगळवारी एक टेम्पो आला आणि गोदामातून स्कूटर घेऊन गेला.

नोव्हेंबरात ‘वातगती’च्या हिशेबतपासनिसांनी राजीनामा दिला. नऊ दिवसांत भाव साठवर आला, मग व्यवहारच बंद झाले. मंदिरातल्या त्या तिघांचे पैसे बुडाले. मी त्यांना सांगितलं नव्हतं. दाजींनी मात्र सगळ्या भावकीत डांगोरा पिटला. पोरीला खाईतून ओढून काढलं बघा मामानं, एका नजरेत ओळखलं. अक्कानं माझी दृष्ट काढली, खरोखर मीठ-मोहरीनं. शेअरांत पैसे दुप्पट झाल्याचं पद्मालाही मी तेव्हा सांगून टाकलं, फक्त सुरुवात बदलून. तिनं पाटल्या केल्या. आज या गोष्टीला सात वर्षं झाली. आजही कुणाच्या घरी लग्न जुळत असलं की लोक म्हणतात, एकदा मामांना दाखवा. मी जात नाही. गुडघे दुखतात म्हणतो. अभिनंदन डिसेंबरात बाहेर पडला आणि त्यानं लेखी दिलेल्या कागदांवरच पुढं चौकशी उभी राहिली, असं मी पेपरात वाचलं. हल्ली कोइमतूरला असतो म्हणे.

चंदनाचं लग्न पुढच्या वैशाखात बेळगावच्या एका औषध विक्रेत्याशी झालं. चांगला माणूस आहे, तक्रारीला जागा नाही. रिवाजाप्रमाणं मी मामा म्हणून तिच्या पाठीशी उभा होतो, तिच्या खांद्यांवर हात ठेवून. समोर अंतरपाट. मंगलाष्टकं सुरू झाली, लाऊडस्पीकरच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. पहिल्या अष्टकाच्या अक्षता पडल्या तेव्हा ती मान न वळवता म्हणाली,

“मामा, तुमचे कितीला गेले?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझे हात तिच्या खांद्यांवर तसेच राहिले. काढताही येईनात, कारण समोर फोटो निघत होते.

“त्यांनी मला शनिवारीच फोन केला होता,” ती म्हणाली. “सगळं सांगितलं. ज्यानं आधीच घेतलेत त्यानं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत, तेही. मी त्यांना हो म्हणाले होते, मामा. त्यांचे कागद जाईपर्यंत मला बोलता येत नव्हतं, आणि नंतर तुमच्या शब्दापुढं माझं कुणी ऐकलं नाही. माणूस चांगला आहे एवढं तुम्हाला म्हणता येत होतं. रविवारी त्यासाठीच आले होते.”

दुसरं अष्टक संपलं. चारी बाजूंनी अक्षता आल्या. थोड्या तिच्या केसांत अडकल्या, थोड्या माझ्या मनगटांवर. पहिल्या रांगेत दाजी डोळे पुसत होते आणि शेजारच्याला माझ्याकडं बोट करून काहीतरी सांगत होते. काय सांगत होते ते मला ऐकायची गरज नव्हती.

“तीनशे अठ्ठावीस,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, काट्यावर उभी राहून मी बरोबर वजन सांगितलं की हलवायची तशी. मग शेवटच्या अष्टकाला दोन्ही हातांनी हार नीट धरला, आणि अंतरपाट खाली आला.